डावीकडची पिशवी

“बाई, दोनच मिनिटं,” असं म्हणून डेक्लनने सायकल दगडी गडग्याला टेकवली आणि तो त्या पांढऱ्या घरात शिरला. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही, सरळ आत. सकाळपासूनचं हे तिसरं घर.

मी रस्त्यावर उभी. रस्ता म्हणजे आपल्याकडची गाडीवाटच. मधोमध गवत उगवलेलं, दोन्ही बाजूंना माझ्या उंचीची झुडपं आणि झुडपांच्या फटीतून तळं. आयर्लंडच्या त्या लीट्रिम नावाच्या मुलखात मान कुठंही वळवा, तळंच दिसतं. तेहतीस वर्षं मी जयसिंगपूरच्या शाळेत भूगोल शिकवला. आयर्लंड चार ओळींत संपवायचे: हवा ढगाळ, गवत भरपूर, दूधदुभतं, वस्ती विरळ. तळ्यांची ओळ पुस्तकातच नव्हती.

दोन मिनिटांची बारा झाली. घड्याळ लावून बघितली. मग तो बाहेर आला आणि त्याच्यामागून एक म्हातारी आली. ती सरळ माझ्याकडे आली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. काहीतरी पुटपुटली, त्यातलं ‘देव’ तेवढं मला कळलं. तिचे डोळे भरून आले होते. अगं बाई, मी तुझी कोण लागते, की माझ्याकडे बघून रडतेस?

पुढच्या चढावर मी त्याला गाठलं. “काय म्हणत होत्या त्या?”

“काही नाही, बाई. प्रवास नीट होऊ दे म्हणाल्या.”

प्रवास नीट होऊ दे म्हणून कुणी रडतं का? तेव्हाच मनात म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, जुलै महिन्यातली. मी तेव्हा एकोणसाठची होते. माझी एकुलती एक लेक केतकी सहा वर्षं डब्लिनला नोकरी करत होती. तिचे वडील जाऊन आठ वर्षं झाली होती. एका रविवारी तिचा फोन आला, “आई, एक मुलगा आहे. इथलाच. तू ये, त्याला बघ. तू नाही म्हणालीस तर नाही.” शेवटचं वाक्य ऐकून मी हबकलेच. शाळेत असल्यापासून ही पोरगी माझं एक ऐकेल तर शपथ. आणि आता लग्नासारख्या गोष्टीत सगळा निकाल माझ्या हातात?

गेले. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने नवंच काढलं. “मला रजा नाही गं. तुम्ही दोघं लीट्रिमकडे सायकलवर तीन दिवस भटकून या. तुला सायकल आवडते, तो त्याच भागातला आहे. बोला, भांडा, काय ते करा. बुधवारी संध्याकाळी परत आलात की मला तुझं उत्तर सांग.”

सायकलचं खरं होतं. उदगावहून जयसिंगपूरला शाळेत मी निम्मं आयुष्य सायकलने गेले. पण आई सातासमुद्रापलीकडून आलेली आणि लेक तिला तीन दिवस परक्या माणसाबरोबर रानोमाळ पाठवते, हे कुठल्या गावचं? चेहराही उतरलेला होता तिचा. विचारलं तर म्हणाली, “कामाचा ताण.”

तर सोमवारी सकाळी सायकली आगगाडीत घालून आम्ही निघालो. सलवार-कमीज, कॅनव्हासचे बूट, डोक्यावर ते टरबुजाच्या फोडीसारखं शिरस्त्राण, आणि पासपोर्टचा बटवा गळ्यात, कमीजच्या आत. डेक्लन तेहतीस वर्षांचा, पूल बांधणारा इंजिनियर. दिसायला बरा, बोलायला मऊ. माझे विद्यार्थी मला बाई म्हणतात हे केतकीने त्याला सांगितलेलं, म्हणून तोही ‘बाई’ म्हणायचा. लबाडी असेल तर हीसुद्धा मुरलेली लबाडी, असं मी तेव्हाच टिपून ठेवलं.

घाई कशाचीच नव्हती. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर. तळ्याकाठी बसायचं, पाव-चीज खायचं, हंस बघायचे, परत निघायचं. समोरून गाडी आली की चालवणारा स्टेअरिंगवरचं एक बोट उचलायचा. प्रत्येक जण.

“ही कसली खूण?” मी विचारलं.

“नमस्कार आहे, बाई.”

“तुझ्या ओळखीचे आहेत सगळे?”

“नाही, ओळख लागत नाही त्याला.”

ओळख नसताना आपल्याकडे कुणी बोट दाखवलं तर भांडण होतं.

आता मुद्द्याचं सांगते. त्याच्या सायकलच्या मागच्या चाकाला दोन पिशव्या होत्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. नकाशा उजवीकडून निघायचा, केळी उजवीकडून, पंक्चरचं सामान उजवीकडून. डावी पिशवी त्याने उघडलीच नाही. कॉपीवाल्या पोराची एक खूण असते. ज्या खिशात चिठ्ठी आहे त्या खिशाकडे ते पोर चुकूनसुद्धा बघत नाही. बाकी सगळीकडे बघेल, छताकडे बघेल, माझ्याकडे बघून हसेल, पण त्या खिशाकडे नाही. असली पोरं मी मोज्यांतून, वेण्यांतून, कंपासपेटीच्या चोरकप्प्यातून पकडली आहेत. डेक्लन त्या पिशवीकडे बघत नव्हता. आणि मुक्कामाच्या घरी पोचलो की पहिल्यांदा तीच काढून खोलीत न्यायचा.

मंगळवारी, ती म्हातारी भेटली त्याच दुपारी, पाऊस आला. तिथला पाऊस पडत नाही, नुसता अंगाला चिकटतो. माझे लोकरीचे हातमोजे चिंब झाले. त्याने ते मागून घेतले, पिळले आणि उजव्या पिशवीत टाकले. “रात्री शेगडीजवळ वाळत घालतो, बाई,” म्हणाला. मग आम्ही तळ्याकाठच्या एका नावेच्या खोपीत आडोशाला थांबलो आणि त्याचा फोन वाजला. नाव बघितलं आणि तो भर पावसात बाहेर गेला. वारा माझ्याकडेच येत होता.

“नाही, तिला काही कळलेलं नाही,” तो हळू आवाजात म्हणत होता. “बुधवारपर्यंत नाही कळणार. तू त्याची काळजी करू नकोस. हो. उद्या पहाटेच उरकतो ते.”

तिला म्हणजे कुणाला? मला, आणखी कुणाला? फोनवर कोण, ते तर उघडच होतं, असं मला वाटलं. दुसरी बाई. याची बायको असेल, एखादं मूलही असेल. म्हणून ती घरं, म्हणून ती म्हातारी माझ्याकडे बघून रडली. सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि ह्या परदेशी बाईची फसवणूक बघून त्यांना कणव येतेय. एकेक धागा असा जुळला की मलाच माझं कौतुक वाटलं.

मुक्कामाला पोचलो तेव्हा पाच वाजले होते, ऊन पडलं होतं. घराच्या मालकीणबाईंनी हाक मारली म्हणून डेक्लन त्यांच्या मागच्या दाराचा मोडलेला कडीकोयंडा बघायला गेला. सायकल ओसरीला उभी होती आणि डावी पिशवी अजून तिच्यावरच होती.

दुसऱ्याच्या पिशवीत हात घालू नये हे मला कळत नाही का? कळतं. पण लेकीच्या आयुष्याचा प्रश्न होता. बक्कल काढलं. वर एक स्वेटर. त्याखाली एक जपमाळ. तळाशी तंबाखूची जुनी पत्र्याची डबी. उघडली.

आत कापडाची चिंधी होती, वीतभर, पिवळी, मधोमध गाठ मारलेली. कापड मी बघताक्षणी ओळखलं. केतकीचा कुडता! तिच्या तिसाव्या वाढदिवसाला मी स्वतः मशीनवर बसून शिवला होता, काठाला हिरव्या दोऱ्याची दुहेरी शिलाई घालून. तीच शिलाई त्या चिंधीवर होती.

खोटं कशाला सांगू, मी घाबरले. मी कोण? चौकातलं उतरून टाकलेलं लिंबू उचलून वर्गात आणणारी आणि पोरांसमोर त्याचं सरबत करून पिणारी बाई. करणी-बिरणी सगळं थोतांड, असं वर्षानुवर्षं घसा फोडून सांगितलेलं. आणि आता परक्या माणसाच्या डबीत लेकीच्या अंगावरचं कापड, तेही गाठ मारलेलं, बघितल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द कुठला निघाला असेल? करणी. याने माझ्या पोरीवर काहीतरी केलंय. म्हणूनच ती अशी उतरलीय, म्हणूनच म्हणते, ‘तू नाही म्हणालीस तर नाही.’ तिच्या जिवाला मनातून सुटायचं असेल!

चिंधी मी गळ्यातल्या बटव्यात टाकली. रिकामी डबी होती तिथं ठेवली, बक्कल लावलं, आणि लगेच केतकीला फोन केला.

“तुझा पिवळा कुडता कुठंय गं?”

“कुठला? अं... कपाटात असेल. का?”

“सहज.”

“आई, तो चांगला आहे गं.”

“ते मी ठरवीन,” असं म्हणून मी फोन ठेवला. माझी लेक खोटं बोलत होती. ती खोटं बोलायला लागली की आधी ‘अं’ म्हणते, लहानपणापासून.

बुधवारी पहाटे त्याच्या खोलीचं दार वाजलं तेव्हा मी कपडे करून तयारच बसले होते. तिकडे उन्हाळ्यात साडेचारलाच उजाडतं. तो निघाला, मी थोडं अंतर ठेवून मागे. त्याने एकदाही वळून बघितलं नाही. दोन वळणं, एक पूल, मग त्याने सायकल एका फाटकाशी ठेवली, डावी पिशवी काढून खांद्याला लावली आणि दगडी पायऱ्यांवरून गडगा ओलांडून कुरणात उतरला. मीही उतरले. गवतात बूट भिजले.

उताराला दगडांनी बांधलेला पाण्याचा झरा होता, विहिरीसारखा. त्याच्यावर एक काटेरी झाड ओणवलेलं, आपल्या बोरीएवढं. आणि त्या झाडाला शेकडो चिंध्या. रुमाल, मोजे, लहान बाळाचं लाळेरं, साडीच्या किनारीसारखं काहीतरी. काही नवं, काही कुजून काळं पडलेलं. मी एका दगडाआड उभी राहिले.

डेक्लन गुडघ्यांवर बसला. डबी काढली, उघडली. आत बोट फिरवलं, जणू ती रिकामी आहे हे डोळ्यांना कळत नव्हतं. मग त्याने पिशवी उलटी केली. स्वेटर झटकला. खिसे उलटे केले. आल्या वाटेवर रांगत गवत चाचपायला लागला आणि तसं करताकरता तो धिप्पाड माणूस रडायला लागला, आवाज करून, मोठ्याने.

कॉपी सापडल्यावर रडणारी पोरं मी पुष्कळ बघितली आहेत. हे तसलं रडणं नव्हतं. तरीही मी पुढे झालेच.

“हेच शोधतोयस ना?” मी मूठ उघडून धरली.

तो उठला. मला वाटलं, आता घाबरेल, सारवासारव करेल. तर त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि म्हणाला, “आहे! देवा, आहे तुमच्याकडे!”

“माझ्या लेकीचं कापड तुझ्याकडे कशाला? काय चालवलंयस तिच्यावर? आणि ती फोनवरची कोण?”

“फोनवर केतकीच होती, बाई.”

“खोटं बोलू नकोस!”

“तिने मला शपथ घातलीये. आज संध्याकाळी ती स्वतः सांगणार होती तुम्हाला.”

“मी तिची आई आहे. सांग.”

तो झाडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “उद्या सकाळी आठ वाजता तिचं ऑपरेशन आहे. छातीत गाठ आहे. चांगली नाहीये, बाई.”

मी ओल्या गवतात बसले. तो शेजारी येऊन बसला आणि हळूहळू सगळं सांगू लागला. तपासण्या सोमवारी आणि मंगळवारी होत्या. माझ्यासमोर तिला त्या करून घ्यायच्या नव्हत्या. ‘आई माझ्या चेहऱ्यावरून ओळखेल, तिला घेऊन जा,’ असं म्हणून तिनेच आम्हाला पाठवलं होतं. आणि लग्नाचा निकाल माझ्या हातात दिला तोही या दुखण्यामुळेच. बरी नाही झाली तर याला बांधून ठेवायचं नव्हतं तिला. मी नाही म्हणाले असते तर त्याला सोडायला तिला कारण मिळालं असतं.

“ती घरं?”

“माझ्या आजीच्या मैत्रिणी. प्रार्थना करा म्हणून सांगायला जात होतो. काल ज्यांनी तुमचा हात धरला ना, त्यांची मुलगी याच दुखण्याने गेली.”

“आणि हे?” मी चिंधी दाखवली.

“आजारी माणसाच्या कपड्याच्या चिंधीला गाठ मारायची आणि ती या पाण्यात भिजवून इथं बांधायची. ती कुजत जाते तसं दुखणं जातं. आजी म्हणते, डॉक्टरांच्या सुरीआधी बांधायला हवी.”

“इंजिनियर ना तू? विश्वास आहे तुझा?”

“नाही.” त्याने नाक पुसलं. “पण डॉक्टर त्यांचं करतायत, बाई. मी काय करू? मला काहीतरी करायला हवं होतं.”

“केतकी काय म्हणाली?”

“हसली. म्हणाली, आईने शिवलेल्या कुडत्याचीच घे. फाडायला गेलो तर फाटेना, कात्री लागली.”

तेव्हा मात्र मला रडू कोसळलं. किती वेळ रडले कोण जाणे. मग तो म्हणाला, “तुम्ही बांधा.”

मी चिंधी पाण्यात बुडवली आणि एका खालच्या फांदीला बांधली. खाली कुणाचा तरी छोटा मोजा गळून पडला होता. सवयीने तो उचलायला वाकले, तर त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

“नको! झाडावरचं काढायचं नाही, पडलेलंही उचलायचं नाही. जो काढतो त्याच्यावर ते दुखणं जातं.”

“असं होय,” मी म्हटलं.

आम्ही वर आलो. तो गडग्याच्या पायऱ्या चढला तेव्हा मी थांबले. “अगं बाई, माझे हातमोजे राहिले तिथं.”

“मी आणतो.”

“नको, तू सायकली काढ. मी येते.”

मी परत गेले. दोन-तीन मिनिटं लागली असतील.

आगगाडीने दुपारी आम्ही डब्लिनमध्ये होतो. केतकीने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. “सांगितलंस तू!” ती त्याच्यावर ओरडली. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग घट्ट मिठी मारली. “आणि माझं उत्तर हो आहे,” म्हटलं. “कारणं शोधू नकोस.”

ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले, केस गेले, केस आले. तिच्याजवळ राहता यावं म्हणून व्हिसा वाढवत वाढवत मी आठ महिने राहिले. लग्न झालं. आज ती ठणठणीत आहे आणि घरात सहा वर्षांचा एक द्वाड मुलगा आहे, जो मला आजीऐवजी बाईच म्हणतो.

गेल्या महिन्यात माझा रिपोर्ट आला. मिरजेच्या डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, “घरात आधी कुणाला होतं?”

“मुलीला.”

“आईचं मुलीकडे जातं असं आम्ही म्हणतो,” ते म्हणाले. “तुमच्यात उलटं दिसतंय.”

मला हसू आलं. त्यांना वाटलं, म्हातारीला धक्का बसला. धक्का कसला? सत्तरीत कुणालाही होतं.

केतकीला फोनवर सांगितलं तर ती रडली, चिडली, तिकीट काढते म्हणाली. मग डेक्लनने फोन घेतला. त्याची पावलं ऐकू आली, दार उघडल्याचा आवाज आला, मग वारा. बाहेर गेला होता, त्या दिवशी खोपीतून गेला होता तसाच.

“बाई, एक विचारू?”

“विचार.”

“त्या दिवशी झाडापाशी तुम्ही हातमोजे आणायला परत गेला होतात.”

“बरं, मग?”

“ते माझ्याकडे होते. आदल्या दुपारपासून. माझ्या उजव्या पिशवीत. वाळत घालायचे विसरलो होतो.”

शेकड्यांनी पोरं पकडली मी, आणि माझी स्वतःची चिठ्ठी अशी सापडावी! त्या झाडाखाली परत गेले आणि गाठ सोडायला लागले, तर ओली होती, सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. आयुष्यात केलेली एकुलती एक कॉपी. चिंधी अजून त्याच बटव्यात, माझ्या कपाटात आहे. अकरा वर्षांत धागा हललेला नाही.

“तुला तेव्हाच कळलं होतं?” मी विचारलं.

“तुम्ही परत आलात तेव्हा तुमचा हात गळ्यातल्या बटव्यावर होता. आणि तुम्ही त्याच्याकडे बघत नव्हतात.”

“आणि अकरा वर्षं गप्प बसलास.”

“काय बोलणार होतो, बाई?” तो म्हणाला. “ती मला पाठवा. मी परत बांधून येतो.”

“मुळीच नाही. झाडावरची मी काढली, ती माझी. आता माझ्याकडची तू काढायची नाहीस. आणि तसाही माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.”

“माझाही नाही,” तो म्हणाला.

तेवढ्यात पलीकडे दार आपटलं आणि केतकीचा आवाज आला, संशयाने भरलेला, थेट माझा आवाज.

“बाहेर येऊन काय कुजबुजतोयस रे आईशी? काय लपवताय दोघं माझ्यापासून?”

“काही नाही गं,” तो मराठीत म्हणाला. “हातमोज्यांचं बोलतोय.”